फुलामावशीनं न दिलेली फोडणी

फुलामावशीची आणि माझी ओळख एका शेऱ्यामुळे झाली, आणि तो शेरा चुकीचा होता. दारव्ह्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी नुकताच बदलून आलो होतो. मुलांना दुपारची खिचडी वाढण्याआधी एका शिक्षकानं ती चाखायची, वहीत चव लिहायची आणि सही करायची, असा नियम. जुनी मास्तरमंडळी न चाखताच ‘उत्तम’ लिहून मोकळी व्हायची. मी नवा, त्यात कर्तव्यदक्ष. मी चमचाभर खिचडी तोंडात घातली, डोळे मिटून विचार केला आणि लिहिलं, ‘मीठ कमी.’

अर्ध्या तासानं माझ्या वर्गाच्या दारात एक ठेंगणी, सावळी बाई येऊन उभी राहिली. हातात खिचडीचा झारा तसाच.

“मीठ कमी कोनं लेहलं?”

“मी.”

“सर्दी हाय का तुमाले?”

सर्दी होती. चांगली तीन दिवसांपासून होती.

“मंग गुर्जी, मीठ खिचडीत कमी नाई, तुमच्या नाकात कमी हाय.”

सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत मी मुकाट्यानं शेरा खोडून ‘उत्तम’ लिहिलं. पुढची अकरा वर्षं, फुलामावशी शाळेची चूल सोडेपर्यंत, तेच लिहीत राहिलो. फरक इतकाच, की मी चाखून लिहीत होतो.

तिचं पूर्ण नाव पंचफुलाबाई. शाळेतल्या दीडशे पोरांची ती मावशी, म्हणून आम्हा मास्तरांचीही मावशीच. नवरा जिनिंगमध्ये हमाल होता, तो लवकर गेला. एकच मुलगा, मिलिंद. पुढे मी दारव्ह्यात प्लॉट घेऊन घर बांधलं, ते नेमकं मावशीच्या घराला पाठ लावून. प्लॉट घेताना मागे कोण राहतं हे मी विचारलंच नव्हतं. बायकोनं, म्हणजे सुनंदानं, विचारलं होतं. म्हणून तर घेतला, असं ती नंतर म्हणाली.

मावशीच्या घरात काय शिजतंय हे आम्हाला विचारावं लागत नसे. सकाळी दहाच्या सुमारास तिच्याकडे तेल तापायचं. मग जिरं, मग लसूण, मग मिरची, आणि मग आमच्या घरातली सगळी माणसं ओळीनं ठसकायची. मावशीचा सगळा जीव त्या फोडणीत. “शिजोनं कोनालेबी येते,” ती म्हणायची, “फोडनी देनं म्हनजे भाजीचं नाव ठिवनं हाय. तोवर ते नुसतं शिजलेलं.” तिच्या मते ज्या फोडणीचा आवाज शेजारी गेला नाही ती फोडणीच नव्हे. वाढतानाही तिचा कायदा वेगळा होता. “पाह्यजे का, असं इचारून वाढनं म्हनजे न वाढनंच.” त्यामुळे तिच्या पंगतीत हात आडवा करून उपयोग नसायचा. ती बोटांच्या फटीतून वाढायची.

मिलिंद आयटीआय करून आखातात गेला, एसी दुरुस्तीच्या कामावर. तिथेच त्याला रोवेना भेटली. ती फिलिपिन्सची, एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला. दोघांनी ठरवलं आणि मावशीला फोन केला. मावशीनं दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आली आणि मला म्हणाली, “नकाशात दाखवा बरं कुठं हाय ते.” मी दाखवलं. ते ठिपके ठिपके बघून म्हणाली, “एवढ्याशा जागेत मानसं राह्यतात?” लग्न इथल्या बुद्धविहारात झालं. नवी सून पहिल्यांदा शेजारी उभी राहिली तेव्हा मावशीनं तिला वरून खाली पाहिलं आणि सुनंदाच्या कानाशी लागून म्हणाली, “माह्याहून बुटकी हाय. या वयात कोनी बुटकं भेटलं, बरं वाटलं.” रोवेना हे नाव तिच्या तोंडात बसेना. तिनं आपलं रवीना करून टाकलं. रोवेनाची काही हरकत नव्हती. तिनं मावशीला पहिल्या दिवसापासून ‘आई’ म्हणायला सुरुवात केली होती.

दीड वर्षानं रोवेनाला दिवस गेले आणि त्याच सुमारास तिची नोकरी सुटली. मिलिंदनं तिला इकडे आणून सोडलं, की बाळंतपण आईच्या हाताखाली होईल, मग पुढचं पुढं बघू. तो परत कामावर गेला. मावशीला आभाळ ठेंगणं झालं. गल्लीतली अर्धी पोरं तिच्या देखत जन्मलेली. “काईबी होऊ दे, नातू का नात,” ती सगळ्यांना सांगत सुटली, “आधी माह्या हातात पडलं पाह्यजे.” तिनं जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्या शिवल्या. पाळण्याची दोरी बदलून घेतली.

आणि रोवेना जेवेना.

मावशीनं आपली सगळी विद्या पणाला लावली. गोळ्याची कढी, झुणका, वडाभात, रविवारी लालभडक तर्रीचं मटण. पोरगी दोन घास खायची, “छान, आई” म्हणायची आणि थोड्या वेळानं मागच्या अंगणात जाऊन ओकायची. चौथा महिना संपला तरी ओकारी थांबेना. मला दुभाषा म्हणून दवाखान्यात नेलं. आमच्या गल्लीत इंग्रजी येणारा मीच, असा एक समज आहे आणि तो मी कधी दूर केलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी वजन पाहिलं. तीन किलो उतरलं होतं. रोवेना माझ्याकडे पाहून म्हणाली, मला माझ्या आईकडे जायचंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “या अंगानं एवढा प्रवास मी करू देणार नाही. आधी वजन वाढू द्या, रक्त भरू द्या, मग लिहून देते. पण आठवा लागला की विमानासाठीचा कागद मिळणार नाही, मग इथंच.”

हे मी मावशीला मराठीत सांगितलं. म्हणजे हिशेब असा होता, की पोरगी जेवली तर जाणार, न जेवली तर राहणार. रिक्षात बसताना तिनं रोवेनाचं मनगट बोटांच्या कडीत धरून पाहिलं. कडी सैल झाली होती.

त्या संध्याकाळी ती आमच्या दारात आली. “गुर्जी, तिले इचारा, काय खावावं वाटते. डोहाळे नाई पुरोले तर लेकराचा कान वाह्यते.” विचारून वाढणं म्हणजे न वाढणं म्हणणारी ही बाई. मी गेलो, विचारलं. रोवेना म्हणाली, “सिनिगांग.” मग तिनं हातवारे करून समजावलं. चिंचेच्या आंबट पाण्यात मांस शिजवायचं, त्यात मुळा, वांगं, शेंगा, भेंडी, पालेभाजी. तिच्या गावी पाऊस असो, ताप असो, कोणी दुबईहून घरी येवो, आई तेच करते. खरं तर ते डुकराचं असतं, असंही तिनं अंग चोरून सांगितलं.

मावशी म्हणाली, “ते आपल्याइथं भेटत नाई. बकऱ्याचं चालते का, इचारा.”

चालतं म्हणाली.

“मंग त्यात काय एवढं! चिंच, वांगं, मुळा, बरबटीच्या शेंगा. सारं आपलंच त हाय. उगाच घाबरोलं मले.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही सगळे ठसकलो.

ताटलीत आलं ते वर बोटभर तेलाचा तवंग असलेलं, काळ्या मसाल्याचं, चिंच घातलेलं मटण. मला वाटी आली होती. मी दोनदा मागून खाल्लं. रोवेनानं एक चमचा तोंडात घातला, कसाबसा गिळला आणि म्हणाली, “छान, आई.” त्यानंतरचं सुनंदानं मागच्या भिंतीवरून पाहिलं.

“अहो,” ती घरात येऊन म्हणाली, “ते पोरगी जेवनाले नाई ओकत. फोडनीच्या वासाले ओकते. तेल तापलं का ते बाहीर पयते, मी चार दिवस पाहून राह्यली. मावशीले सांगा.”

“मी?”

“मंग काय मी? तुमी दुभाषे.”

मी गेलो. फुलामावशीला फोडणी देऊ नको म्हणून सांगायचं. मी बसलो. मावशीनं चहा दिला, दोन चकल्या दिल्या. मी म्हटलं, मावशी, कालचं मटण फार उत्तम झालं होतं. आणि परत आलो. सुनंदानं दारातच विचारलं, “सांगतलं?” मी म्हटलं, “विषय काढला.” तिनं माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली.

हे काम शेवटी रोवेनाच्या आईनं केलं, आणि तेही तिकडे बसून. व्हिडिओ कॉल करायचा आणि विहीणबाईंनी करून दाखवायचं, असं ठरलं. वेळ मी ठरवली, कारण मी भूगोलाचा मास्तर. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. आपले अकरा म्हणजे त्यांचे साडेआठ, असं मी छातीठोक सांगितलं. फोन लावला तेव्हा तिकडे दीड वाजला होता आणि विहीणबाई जेवून भांडी घासत होत्या. त्या मात्र चांगल्या स्वभावाच्या. हात पुसून त्यांनी पुन्हा पातेलं ठेवलं. त्यांचा बाजारात भाजीचा गाळा आहे आणि त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मला दोन मिनिटांत कळलं. बाकीच्यांना कळू नये म्हणून मी मोठ्यानं भाषांतर करत राहिलो.

फोन मावशीनं पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि पुढे पाट घेऊन बसली. तिकडे पाण्यात मांस, कांदा, टोमॅटो उकळत होतं. विहीणबाई वरचा फेस चमच्यानं काढून टाकत होत्या. मावशी मान हलवत होती. पसंत होतं. मग कच्च्या हिरव्या चिंचा वेगळ्या शिजवून, कुस्करून, त्यांचं पाणी गाळून त्यात घातलं. “हिरवी!” मावशी म्हणाली. “मी गाभोळी घातली, चुकलं माहं.” मग अरबीचे कंद, मग मुळा, मग शेंगा, वांगं, भेंडी, एकेक थांबून थांबून. दोन अख्ख्या हिरव्या मिरच्या. शेवटी पाला.

“आता देईन ते,” मावशी फोनमधल्या विहीणबाईंकडे बोट दाखवून मला म्हणाली.

“काय?”

“फोडनी. शेवटी वरतून देत असन.”

विहीणबाईंनी गॅस बंद केला.

“झालं,” मी म्हटलं.

“झालं कसं? इचारा तिले.”

मी विचारलं, तेल कधी? विहीणबाईंना प्रश्नच कळेना. तेल कशाला? मी पुन्हा विचारलं, मसाला? त्या हसल्या आणि म्हणाल्या, आमची मुलगी पोटात असताना मलाही तळणाचा वास सोसत नव्हता, तिचंही तसंच आहे, तिनं मला रोज सांगितलंय, तुम्हाला सांगू नको म्हणाली होती.

हे वाक्य मी भाषांतर केलं नसतं. पण मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी कधी काय गाळतो हे तिला खिचडीच्या वहीपासून ठाऊक होतं. सांगितलं.

मावशी पाटावरून उठली. आत गेली. पलीकडे फोनमध्ये विहीणबाई “हॅलो, हॅलो” करत होत्या. रोवेना रडवेली होऊन मला म्हणाली, तिला सांगा, स्वयंपाक वाईट नाही. मी म्हटलं, हो हो, सांगतो. तोवर मावशी बाहेर आली ती तेलाचा डबा एका काखेत आणि मसाल्याचा डबा दुसऱ्या काखेत घेऊन. सरळ आमच्या घरी गेली आणि सुनंदाच्या ओट्यावर दोन्ही ठेवले.

“हे तुमच्याइथं राहू दे बाई. घरात असलं का माहा हात आपोआप जाते तिकडं. माह्या हाताचा मले भरोसा नाई.”

पहिल्या दिवशी तिनं केलेलं सिनिगांग मी चाखलं. मला विचाराल तर आजाऱ्याचं पाणी. पण रोवेना पातेल्याशी बसली आणि भातावर ओतून ओतून तीन वेळा जेवली. चौथ्यांदा मावशीनं न विचारता वाढलं तेही खाल्लं. मावशी समोर बसून एकेक घास मोजल्यासारखी बघत होती. तिनं स्वतःही तेच वाढून घेतलं होतं. एक घोट घेऊन म्हणाली, “ह्याचं अजून नाव ठिवलं नाई कोनं.” आणि जेवली.

दोन महिने त्या घरात तेल तापलं नाही. सकाळचे दहा वाजून जायचे आणि आम्हाला कळायचंही नाही. गल्लीतल्या लोकांनी मला विचारलं, “फुलामावशी बिमार हाय का?” मावशी हिरव्या चिंचांसाठी रोज कोणाच्या ना कोणाच्या शेतात जायची. मटण रोज कुठलं, कधी कोंबडी, कधी तळ्यातली मासोळी, कधी नुसत्याच भाज्या. एकदा मुळा मिळाला नाही तर तिनं मला यवतमाळहून आणायला लावला. रोवेनाचे गाल भरले. ओकारी थांबली. पोट दिसायला लागलं. डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर वजन चढत गेलं, आणि दर खेपेला मावशी तो आकडा मला दोनदा वाचायला लावायची.

मी एकदा तिला म्हटलं, हसत हसतच, की मावशी, तुम्ही आपल्या हातानं तिचं तिकीट काढताय.

“म्हाईत हाय.”

“मग?”

“मंग काय गुर्जी! उपाशी ठिवून बांधाले ते काय बकरी हाय?”

सातव्या महिन्यात मावशीनं डोहाळजेवण केलं. गल्लीतल्या पंचवीस बाया. ज्या घरच्या तर्रीसाठी लोक वाट बघायचे त्या घरी पंगतीला भात आणि आंबट पांढुरकं पाणी आलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं धीर केला.

“मावशी, तिखट-मीठ इसरल्या का व?”

“ज्याचे डोहाळे त्याचं जेवन. तुह्ये असन तवा तुले तर्री देईन.”

“माह्ये आता कायचे!”

“मंग चूप बसून जेव.”

हसणं झालं. मग विषय निघालाच. डॉक्टरीणबाईंनी कागद देते म्हटल्याचं सगळ्यांना कळलं होतं. आता पोरगी ठणठणीत आहे, तर पाठवायची कशाला? इथं दवाखाना आहे, आजी आहे. एकदा तिकडे गेली की लेकरू कधी दिसेल? मिलिंदला फोन केला तर तो म्हणतो, आई, तू ठरव. एका म्हातारीनं तर सांगितलं, अजून पंधरा दिवस ढकल, मग आपोआपच विमान बंद. रोवेनाला मराठी एव्हाना बरंच कळत होतं. ती ताटात बोटं ठेवून बसली होती.

मावशी वाढत होती. वाढता वाढताच म्हणाली, “पयलं बाळातपन माहेराचं असते. तुमी साऱ्या गेल्या ना आपापल्या मायकडं? का माहेर दूर असलं म्हनून ते माहेर नसते?”

“पन मावशी, तुमी त म्हनत होत्या, आधी माह्या हातात...”

“म्हनत होती. मले त लय काय वाटते.” आणि रोवेनाच्या ताटात तिनं आणखी एक पळी ओतली.

मिलिंद आठ दिवसांची रजा काढून न्यायला आला. नागपूरला जाणारी गाडी सकाळी सहाला दारात लागली. मावशीनं दोन्ही गोधड्या बांधून दिल्या. रोवेना तिच्या गळ्यात पडून काहीबाही बोलत होती, निम्मं मराठीत, निम्मं तिच्या भाषेत. मला कोणी भाषांतर करायला सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये नात झाली. मावशीनं तिला फोनवर पाहिली. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ती रोज पाटावर बसायची आणि पलीकडून विहीणबाई लेकराचं तोंड फोनसमोर धरायच्या. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि मधूनच एकदम हसायच्या. कशाला, ते मला कळायचं नाही, आणि विचारलं तर मावशी म्हणायची, “बायाचं हाय, तुमचं काय काम?” पहिल्या वाढदिवसाला सगळे इकडे येणार होते. मावशीनं दारं-खिडक्यांना रंग दिला होता.

वाढदिवसाआधीच, फेब्रुवारीत, ती गेली. आदल्या दिवशी छातीत दुखतंय म्हणाली, दवाखान्यात नेली, सकाळी नव्हती. मिलिंद आणि रोवेना पोहोचेपर्यंत सगळं झालं होतं. रोवेनाच्या कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती, चक्क मावशीच्या बांध्याची. तिनं घरभर आजीला शोधायचं काही कारण नव्हतं. तिनं आजीला फोनपलीकडे कुठे पाहिलंच नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, लोक पांगले. मावशीला तिच्या मनासारखं काहीच मिळालं नाही, असं जो तो म्हणत होता. आम्ही मागच्या दारानं घरी आलो. मी चपला काढता काढता म्हटलं, “तेव्हाच ठेवून घेतली असती तर नात हातात पडली असती बिचारीच्या. आपल्या हातानं घालवलं.”

सुनंदा रांजणातून पाणी घेत होती. तिनं पाणी प्यायलं, पेला उपडा ठेवला.

“मले ठिवून घेतलतंच ना तुमच्या आईनं,” ती म्हणाली. “पयला सासरीच झाला. माही माय उमरखेडहून दोनदा न्यायले आलती, दोनी खेपा एकटीच वापस गेली. तुमी तवा काय करून राह्यलते, आठवते? सहामाहीचे पेपर तपासून राह्यलते.”